दगड दिसतो, हत्यार दिसत नाही

कुणी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकून ऐकतंय, कुणी भांडी घासता घासता, आणि मला खात्री आहे, काही जण आत्ता वेताळ टेकडीवर नाहीतर हनुमान टेकडीवर चालताना ऐकताय. आजचा विषय खास त्यांच्यासाठी, कारण तो अक्षरशः पायाखालचा आहे.

१९५० च्या दशकातलं पुणं डोळ्यांसमोर आणा. लॉ कॉलेजमागची टेकडी आहे, पण पायथ्याशी सोसायट्यांची भिंत नाही. गावाबाहेर पडलं की थेट माळ सुरू. भांडारकर संस्थेच्या परिसरात एका घरात दामोदर धर्मानंद कोसंबी राहतात. पेशाने गणिती. जन्म गोव्यातला, १९०७ चा. वडील धर्मानंद कोसंबी म्हणजे पाली आणि बौद्ध साहित्यातलं मोठं नाव. मुलगा अमेरिकेत हार्वर्डला शिकला, १९२९ मध्ये परत आला, बनारस, अलिगढ करत फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला लागला, आणि १९४५ पासून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेला. राहायला पुण्यात, नोकरी मुंबईत, मधे डेक्कन क्वीन. (हिंजवडीचा प्रवास सहन होत नाही म्हणून रडणाऱ्यांनी नोंद घ्यावी. म्हणजे मीही.) जेनेटिक्स शिकलेल्यांनी हे आडनाव वेगळ्याच ठिकाणी ऐकलं असेल. जनुकांमधलं अंतर काढायचं 'कोसंबी फंक्शन' यांचंच, १९४४ चं, आणि आजही जनुकीय नकाशे बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तो पर्याय म्हणून येतो.

तर हा गणिती सवड मिळाली की पायी निघायचा आणि जमिनीकडे बघत चालायचा. पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांचे उतार, माळ, धनगरांच्या वाटा, गावाबाहेरच्या देवांच्या जागा. तिथून तो काय उचलायचा? दगडाचे तुकडे. नखाएवढे, बोटाच्या पेराएवढे. पांढरट, दुधी, कधी मधासारखे पिवळसर, कधी लालसर.

इंग्रजीत यांना मायक्रोलिथ म्हणतात. आपण 'सूक्ष्म हत्यारं' म्हणू. आपला काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट, हा थंड झालेला लाव्हा. त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, आणि त्या पोकळ्यांत नंतर गारगोटीच्या जातीचे दगड साठले: कॅल्सेडनी, अकीक, जास्पर. हे दगड काचेसारखे फुटतात आणि कडेला पात्यासारखी धार येते. अश्मयुगातल्या माणसाने हे हेरलं. छोटी छोटी पाती काढायची, लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत ओळीने बसवायची, झाडाच्या चिकाने पक्की करायची, की झाली सुरी, विळा, बाणाचं टोक. एक पातं तुटलं तर तेवढंच बदलायचं. आमच्या भाषेत बोलायचं तर मॉड्यूलर डिझाइन, तेही हजारो वर्षांपूर्वी.

हे तुकडे जमिनीत पुरलेले असायचेच असं नाही. बऱ्याच ठिकाणी ते वर, उघड्यावर पडलेले होते. त्या वाटांवरून मेंढपाळ गेले, वारकरी गेले, मराठ्यांची घोडी गेली, इंग्रजांचे सर्व्हेवाले दुर्बिणी आणि साखळ्या घेऊन गेले. सगळ्यांचे डोळे शाबूत होते आणि दगडावर पडणारं ऊन प्रत्येकाच्या डोळ्यात तसंच शिरत होतं. तरी जवळजवळ कुणाला हत्यार दिसलं नाही.

का नाही दिसलं? आजचा भाग त्या 'का'चा आहे. त्यासाठी थोडा वेळ टेकडीवरून खाली, डोक्याच्या आत जाऊ.

एक प्रयोग करा. चालत असाल तर नको, घरी गेल्यावर. आरशासमोर उभं राहून स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे बघा, मग उजव्या, परत डाव्या. बुबुळं हलताना दिसली? नाही दिसणार. शेजारी उभ्या माणसाला ती स्पष्ट हलताना दिसतात, तुम्हाला नाही. आता हेच फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यात करा. तिथे हालचाल दिसते, कारण फोन तुमचं चित्र सेकंदाच्या छोट्याशा अंशाने उशिरा दाखवतो. डोळे एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारतात तेव्हा मेंदू त्या क्षणाचं अस्पष्ट, पुसट चित्र तुमच्यापर्यंत येऊच देत नाही. अशा उड्या आपण सेकंदाला साधारण तीन मारतो. म्हणजे दिवसभरात आपण बराच वेळ, उघड्या डोळ्यांनी, काहीच बघत नसतो, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

आकड्यांत सांगायचं तर एका डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या १२ कोटींच्या आसपास पेशी आहेत, आणि तिथून मेंदूकडे जाणारे तंतू साधारण १० लाख. डेटा पाठवण्याआधी तो डोळ्यातच दाबून, गाळून छोटा केला जातो. त्यात खरंखुरं बारीक दिसतं ते नजरेच्या मधल्या चिमुकल्या भागात. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे बघा, जेमतेम तेवढ्यात. बाकीचं सगळं धूसर. तरीही आपल्याला समोरचं जग कडेपासून कडेपर्यंत स्वच्छ, रंगीत, एकसंध वाटतं. ते एकसंध चित्र मेंदूने आधीच्या अनुभवावरून रचलेलं असतं. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६० च्या दशकातच हे मांडलं होतं: बघणं म्हणजे नकळत काढलेलं अनुमान.

तुम्ही माझा आवाज ऐकताय तोही असाच गाळलेला आहे. एमपीथ्रीसारख्या पद्धती एका मोठ्या आवाजाखाली दबलेले छोटे आवाज फेकून देतात, कारण तुमच्या कानाला ते तसेही जाणवणार नसतात. पण इथे एक फरक आहे आणि तोच महत्त्वाचा. एमपीथ्रीत काय फेकायचं याचे नियम इंजिनिअर लोकांनी एकदा बसून ठरवले. मेंदूची चाळणी मात्र वापराने घडते, आणि ती कशी घडते याचं एक अगदी आपल्या घरातलं उदाहरण आहे.

१९८४ मध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या कॅनडातल्या संशोधकांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. मोठ्या इंग्रजी माणसांना हा फरक पकडताना घाम फुटतो. पण ६ ते ८ महिन्यांच्या बाळांना तो सहज कळत होता. १० ते १२ महिन्यांच्या बाळांमध्ये ती क्षमता बरीचशी गेलेली दिसली. कान बिघडले नव्हते. घरात त्या फरकाला काही अर्थ नव्हता, म्हणून मेंदूने दोन्ही आवाज एकाच खोक्यात टाकले.

इंग्रजांना हसू नका. 'चंद्र' म्हणा. आता 'चमचा' म्हणा. जीभ कुठे टेकली बघा. हे दोन वेगळे 'च' आहेत. तसंच 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे पाण्याचा जग. मराठी माणूस हे चुकत नाही. पण लिहिताना दोन्हीला एकच अक्षर आहे, त्यामुळे कित्येकांच्या लक्षातही आलेलं नसतं की आपण आयुष्यभर दोन वेगळे आवाज काढतोय. ऑफिसातल्या हिंदी भाषिक मित्राला 'चमचा' म्हणायला सांगा, मग कळेल. त्याच्या चाळणीला ते भोक नाही. आपल्याला आहे, पण काम जाणिवेच्या मागे, गुपचूप चालतं.

म्हणजे संकल्पना आणि चाळणी ही एकाच यंत्राची दोन टोकं झाली. 'हे आणि ते एकच' असं ठरवलं की संकल्पना तयार होते, आणि त्याच क्षणी 'हे' आणि 'ते' यांच्यातले बारीक फरक जाणिवेतून बाहेर जातात. प्रत्येक झाडाचं प्रत्येक पान वेगळं दिसत राहिलं असतं तर 'झाड' हा शब्दच बनला नसता आणि आपण रस्ता ओलांडताना गोंधळून मेलो असतो.

ही गोष्ट आपल्याकडे फार जुनी आहे बरं का. साधारण ५ व्या-६ व्या शतकात दिङ्नाग नावाचा बौद्ध तर्कशास्त्रज्ञ होऊन गेला. तो म्हणाला, प्रत्यक्ष ज्ञान म्हणजे ज्यात अजून कल्पना मिसळलेली नाही ते. 'ही गाय' असं म्हणालात की तुम्ही प्रत्यक्ष सोडून पुढे आलात. आणि 'गाय' या शब्दाचा अर्थ काय? सगळ्या गायींत लपलेला एखादा समान गुण? त्याचं उत्तर भन्नाट आहे: नाही, तो शब्द फक्त 'गाय नसलेलं' सगळं बाजूला सारतो. यालाच अपोह म्हणतात. मीमांसक आणि नैयायिक त्याच्यावर तुटून पडले, की बाबा रे, 'गाय नसलेलं' ओळखायला आधी गाय माहीत नको का? हे भांडण पुढे काही शतकं चाललं. ७ व्या शतकात आलेला चिनी प्रवासी युआन च्वांग महाराष्ट्रातल्या एका डोंगरातल्या विहाराचं वर्णन करतो आणि दिङ्नाग तिथे वरचेवर राहायचा असं सांगतो. अभ्यासक तो विहार म्हणजे अजिंठा मानतात. चित्रांनी भरलेल्या त्या गुहांत बसून एखादा माणूस 'बघणं म्हणजे काय' यावर विचार करतोय, हे चित्र मला फार आवडतं.

आणि आता परत दगडांकडे, कारण पुरातत्त्वाचे लोक दगड ओळखायला शिकतात ते साधारण याच पद्धतीने. सुरुवात होते ती नकारांनी. नदीत घरंगळून फुटलेला: नाही. ऊन-पावसाने तडकलेला: नाही. गाडीच्या चाकाखाली चिरडलेला: नाही. मग उरलेल्यांत खुणा दिसायला लागतात. जिथे ठोका बसला तिथे एक सपाट जागा, तिच्या खाली छोटासा फुगवटा, पात्याच्या पाठीवर एकमेकांना समांतर धारा, आणि ज्या गाभ्यातून पाती काढली त्याच्या अंगावर उभ्या खाचा. निसर्ग यातली एखादी खूण चुकून करतो, सगळ्या एका जागी सहसा करत नाही. हे पुस्तकातून कळतं, पण डोळ्याला वळण लागतं ते शेकडो तुकडे हातात घेतल्यावरच.

कोसंबींना हे वळण आधीच लागलेलं होतं असं मला वाटतं, आणि त्याचं कारण नाणी. इतिहासात ते शिरले तेच नाण्यांच्या वजनातून. चांदीची जुनी आहत नाणी घ्या, ज्यांच्यावर ठसे मारलेले असतात. एकेक नाणं बघितलं तर सगळी सारखीच, थोडी झिजलेली, वेडीवाकडी. कोसंबींनी ती हजारोंनी तराजूत घातली. तक्षशिलेच्या उत्खननात सापडलेले साठेही त्यांनी तपासले. तर्क साधा होता. नाणं हातोहात फिरलं की झिजतं, म्हणून जास्त वर्षं चलनात राहिलेल्या नाण्यांचं सरासरी वजन कमी भरणार. मागच्या बाजूला वेळोवेळी तपासणीचे बारीक ठसे मारलेले असतात. ते ठसे जितके जास्त, तितकं सरासरी वजन कमी, असा संबंध आकड्यांतून बाहेर आला. एका नाण्यात जे कधीच दिसलं नसतं ते हजारांच्या ढिगात दिसलं. बाळाचा मेंदू आवाजांचं करतो तेच, फक्त इथे तराजू आणि कागद होता.

ही नजर एकापासून दुसऱ्याकडे कशी जाते, याचा एक नमुना येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात आहे. तिथे १९३९ पासून हसमुख धीरजलाल सांकलिया होते. मूळ मुंबईचे, लंडनला शिकलेले. त्यांनी महाराष्ट्रातल्या नद्यांचे काठ अक्षरशः पिंजून काढले. नगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी नेवाशाला, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या नेवाशाला, १९५४ ते १९५६ मध्ये त्यांनी उत्खनन केलं. तिथे त्यांना नदीच्या थरांत एक वेगळाच प्रकार दिसला. जुन्या, ओबडधोबड मोठ्या हातकुऱ्हाडी खालच्या थरात, आणि त्यांच्या वर, नव्या थरात, चर्ट आणि जास्परच्या छिलक्यांपासून केलेली लहान, नेटकी हत्यारं: खरवडण्या, टोच्या. सूक्ष्म हत्यारांपेक्षा ही मोठी, हातकुऱ्हाडींपेक्षा लहान. या मधल्या काळाला, मध्य पुराश्मयुगाला, भारतात ठळक ओळख मिळाली ती इथून, आणि त्या हत्यारांना नावही पडलं 'नेवासियन'.

मला यातली पुढची गोष्ट जास्त रंजक वाटते. नेवाशानंतर तशीच हत्यारं देशात ठिकठिकाणी ओळखली जायला लागली. ती काय एका रात्रीत उगवली? दगड तेच, नद्या त्याच. आता लोकांकडे खोकं होतं, त्यामुळे आधी 'इतर तुकडे' म्हणून बाजूला पडणारा माल आता त्या खोक्यात जायला लागला.

इथपर्यंत ऐकून वाटेल की संकल्पना मिळाली की प्रश्न सुटला. थांबा जरा. २०१३ मध्ये अमेरिकेत ट्रॅफ्टन ड्रू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २४ अनुभवी रेडिओलॉजिस्टना फुफ्फुसाचे सीटी स्कॅन दिले आणि गाठी शोधायला सांगितल्या. एका स्कॅनमध्ये गुपचूप गोरिलाचं चित्र घातलं होतं, नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठं. २४ पैकी २० जणांना तो दिसला नाही. डोळ्यांच्या हालचाली नोंदवल्या तेव्हा कळलं की त्यांतल्या बऱ्याच जणांची नजर थेट गोरिलावर पडून गेली होती. ही माणसं आपल्या कामात पारंगत होती. गाठीची संकल्पना इतकी पक्की बसलेली, की गाठ नसलेलं सगळं वजा झालं. दिङ्नाग असता तर हसला असता.

आपल्याकडचा गोरिला म्हणजे लोणार. बुलढाणा जिल्ह्यातलं ते गोल सरोवर, विवराचा व्यास साधारण १.८ किलोमीटर. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. पुढे दीडशे वर्षं बहुतेक भूशास्त्रज्ञ त्याला ज्वालामुखीशी जोडत राहिले. आणि का नाही जोडणार? आजूबाजूला मैलोन्‌मैल लाव्हाचाच दगड. दख्खन म्हटलं की ज्वालामुखी, हे समीकरण इतकं बरोबर होतं की त्यात बसणार नाही असं काही असू शकेल ही शक्यताच उरली नव्हती. १८९६ मध्ये गिल्बर्ट या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने ॲरिझोनातल्या प्रसिद्ध विवराशी लोणारचं साम्य टिपलं. साम्य अचूक पकडलं, पण गंमत बघा, ॲरिझोनाचं विवरच त्याने वाफेच्या स्फोटाने झालेलं ठरवलं होतं. आज आपण त्या विवराला उल्केचं विवर म्हणूनच ओळखतो. 'उल्केच्या धडकेने पडलेला खड्डा' हे खोकंच तेव्हा विज्ञानात नीट तयार नव्हतं. १९७३ मध्ये फ्रेड्रिक्सन आणि सहकाऱ्यांनी, त्यांत भारतीय शास्त्रज्ञही होते, लोणारच्या दगडांत प्रचंड आघाताने काचेसारखी झालेली खनिजं दाखवली. असा आघात ज्वालामुखी करू शकत नाही. तिथून चित्र पालटलं.

गावात मात्र लवणासुराची कथा आहे: राक्षस जमिनीखाली लपला होता आणि विष्णूने अंगठ्याने वरचं झाकण उडवलं. ही कथा म्हणजे प्राचीन विज्ञान वगैरे मी अजिबात म्हणत नाहीये, कृपया तसे मेसेज पाठवू नका. एवढंच म्हणतोय की गावकऱ्यांना ती जागा विचित्र आहे, आजूबाजूसारखी नाही, हे दिसलं होतं आणि त्यांनी त्याला आपल्याकडचं खोकं दिलं.

गावकऱ्यांचा विषय निघालाच आहे तर कोकणात जाऊ. रत्नागिरी, राजापूर, लांजा भागात जांभ्या दगडाचे सपाट, उघडे सडे आहेत. त्या सड्यांवर कोरलेली चित्रं आहेत, आज आपण त्यांना कातळशिल्पं म्हणतो. मासे, हरणं, वाघ, माणसाच्या आकृत्या, आणि काही भौमितिक नक्ष्या, ज्या नेमक्या कशाच्या आहेत ते समजत नाही. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी गेल्या दशकभरात गावोगाव हिंडले, वृद्धांना विचारलं, गुराख्यांना विचारलं, आणि शेकड्यांनी आकृत्या नोंदवल्या. कित्येक मातीखाली, गवताखाली झाकलेल्या होत्या. काही गावांना माहीत होत्या, कुठे कुठे त्यांना देवत्वही मिळालेलं होतं. २०२२ मध्ये त्यांतल्या निवडक जागा युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेल्या, गोव्यातलं एक ठिकाण धरून.

कशेळीचा हत्ती बघितला नसेल तर आज फोटो शोधाच. तो सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात आणखी बरेच प्राणी कोरलेत. त्याच्या कडेवर उभं राहिलात तर पायाशी एक वाकडी खाच दिसते, बस. खाच डोळ्यात शिरते आणि मेंदू म्हणतो, पावसाच्या पाण्याने कातळ झिजलाय, पुढे चला. हत्ती दिसायला एकतर वर जायला लागतं, म्हणून ड्रोन, नाहीतर आधी कुणीतरी सांगायला लागतं की इथे हत्ती आहे. एकदा सांगितलं की मग तो 'न दिसणं' अशक्य होऊन बसतं. आणि हाच जांभा चिरे काढायला वापरतात. सड्यावर चिरेखाण बसली, रस्ता झाला, बांधकाम झालं, की कोरीव काम आणि साधा कातळ एकाच ट्रकमधून जातो. ट्रकवाल्याचा दोष नाही, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

आता शेवटचा मुद्दा, आणि मला कोसंबींकडे ज्याने ओढलं तो हाच. चाळणी एकट्यादुकट्याच्या डोक्यात असते तशी ती इतिहासाच्या पुस्तकांतही असते. शाळेत आपण काय शिकलो? राजे, लढाया, सनावळ्या. ताम्रपट, बखरी, शिलालेख यांत जे आलं तोच इतिहास. ज्यांनी काही लिहून ठेवलं नाही ते सगळे 'इतर तुकडे'. कोसंबींनी १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासावर पुस्तक लिहिलं, तेव्हा सुरुवातीलाच ते आपल्या पुण्यातल्या घराच्या आसपास काय काय आहे ते सांगतात. जवळ तळ टाकलेली फासेपारध्यांची कुटुंबं, त्यांचे विधी, टेकड्या, शेंदूर फासलेले देव. घरापासून चालत जाता येईल एवढ्या टापूत इतिहासाचे किती थर एकाच वेळी जिवंत आहेत, हे त्यांना दाखवायचं होतं. १९६२ च्या पुस्तकात ते पुढे गेले. म्हसोबा, वेताळ, गावाबाहेरच्या आया, धनगरांच्या मेंढरांच्या हंगामी वाटा, आणि त्या वाटांवर मिळणारी सूक्ष्म हत्यारं, हे सगळं त्यांनी एका नकाशावर ठेवलं. त्यांचं म्हणणं असं की यातल्या बऱ्याच देवींच्या जागा मुळात वाटा जिथे एकमेकींना छेदतात तिथे आहेत, आणि त्या वाटा शेतीच्याही आधीच्या.

मला स्वतःला यातली काही जोडणी घाईची वाटते. वाट, दगड आणि देवी एका ठिकाणी सापडल्या म्हणून मधली हजारो वर्षं सलग जोडली जात नाहीत. मेंदूला तीन ठिपके दिले की तो रेष ओढतोच, आणि कोसंबींचा मेंदू त्याला अपवाद नव्हता. पुढच्या अभ्यासकांनी त्यांच्याशी वाद घातलेत, घालायलाच हवेत. पण वाद घालायला आधी ठिपके नकाशावर यावे लागले. धनगराची वाट हा इतिहासाचा पुरावा असू शकतो, हे खोकं आपल्याकडे त्यांच्यामुळे आलं. २९ जून १९६६ ला पुण्यातच ते गेले, वय अठ्ठावन्न.

तेव्हाच्या माळांवर आता काय आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. जिथे टेकडी फोडून मुरूम नेला, तिथे वरच्या थरात जे पडलं होतं तेही भरावात गेलं, कुठल्यातरी पार्किंगखाली. वेताळ टेकडीवरून रस्ता न्यायच्या वादात झाडं येतात, भूजल येतं, ट्रॅफिक येतं, आणि यायलाच पाहिजे. दगडांचा विषय त्यात मी तरी अजून ऐकलेला नाही.

म्हणून एक कामाची सूचना. पुढच्या वेळी पुण्याच्या आसपास माळावर, टेकडीवर गेलात आणि काळ्या मातीत दुधी रंगाचा, काचेसारखा, कडेला धार असलेला तुकडा दिसला, तर उचलून खिशात घालू नका. जिथे पडलाय तिथेच राहू द्या. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा, फोनमध्ये लोकेशन चालू ठेवा, आजूबाजूला तसे आणखी आहेत का बघा आणि त्यांचेही फोटो घ्या. एकट्या तुकड्याला फारशी किंमत नसते. कुठे पडला होता, कशाच्या शेजारी, किती दाटीने, ही माहिती खरी, आणि उचलला की ती गेली. बहुतेक वेळा तो तुकडा साधी गारगोटीच निघेल. फोटो डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाला पाठवता येतो. तिथे या दगडांवर डोळा बसलेली माणसं आहेत.

पुढच्या भागात आपण नाण्यांवरच सविस्तर बोलू, वजनाचा आलेख वगैरे सगळं. तोपर्यंत आरशाचा आणि सेल्फी कॅमेऱ्याचा प्रयोग करून बघा, आणि 'चमचा'चा पण. भेटू.